मास्टर होना

जैबुन्निसाने भिंतीला बोट लावून पाहिलं. चुना अजून ओला होता. बोटाचा ठसा उमटलेला पाहून तिने हात पदराआड घेतला.

"हात नका लावू हो," स्टुलावर उभं राहून नकाशा टांगणारे शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी म्हणाले. "पाहुणे अकरापर्यंत येतायत. तोवर वाळला पाहिजे."

खोलीत नव्या सतरंजीचा आणि चुन्याचा वास कोंडला होता. जून महिन्यापासून या खोलीला कुलूप होतं. कागदीवाडीच्या उर्दू शाळेचे जुने गुरुजी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मुलं थोडी आहेत, त्यांनी गावच्या मराठी शाळेत बसावं, असा निरोप वरून आला. मुलगे गेले. मुली मात्र घरोघर बसून राहिल्या. कुणी धाकट्या भावंडांना सांभाळू लागली, कुणी आईबरोबर कांद्याच्या लागणीला जाऊ लागली. मुलींना दुसऱ्या शाळेत धाडायचं की नाही, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारलाही नाही. जैबुन्निसाला त्यात नवल वाटलं नव्हतं. तीही चौथीनंतर अशीच घरी बसली होती.

आज कुलूप निघालं होतं, कारण परदेशातून एक बाई येणार होती. जगभरात ज्यांची भाषा त्यांच्या मुलखात थोड्यांची आहे, अशा लोकांच्या मुलांना त्या भाषेत शिकायला मिळतं की नाही, हे पाहत ती देशोदेशी हिंडत होती. जुन्नर भागातली एखादी लहानशी शाळा तिला बघायची होती. शाळा चालू दिसली पाहिजे, एवढं विस्तार अधिकाऱ्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी चुना आणला, सतरंजी आणली, नकाशा आणला आणि तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका शाळेतून एका दिवसापुरता शिक्षकही आणला. झीशान नावाचा तो खानदेशातला तरुण खुर्चीत अवघडून बसला होता. खुर्ची जणू दुसऱ्याची होती आणि मालक कधीही येऊन उठवेल, तशी त्याची बैठक होती.

दारात महंमद हनीफ उभे होते. जुन्नरच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि वाडीतल्या मशिदीचा कारभारही तेच पाहत. त्यांनी जैबुन्निसाला खुणेने बाहेर बोलावलं.

"समज्या ना सब?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "आज शाळा चालू दिसली, तर जूनमधी कायमचा मास्तर देतो म्हनले साहेब. जबान दिलीया त्यांनी मला."

"आन् न्हाई दिला तर?"

"देतील. तू फकस्त बोलू नको. तुझं बोलनं निम्मं मराठी, निम्मं भलतंच. पुन्याहून जे रिझवीसाहेब येनारेत ना, ते लखनौचे हायेत. आपलं ऐकून म्हनतील, ही कसली उर्दू? हिच्यासाठी कशाला पायजे शाळा?"

जैबुन्निसाने मान हलवली. हनीफचाचांचे नातू जुन्नरला इंग्रजी शाळेत जात. हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती बोलली नाही. मास्तर येणार असेल तर एक दिवस तोंड बंद ठेवणं काही जड नव्हतं.

जुलैपासून मुलींना तीच शिकवत होती. तिला जेवढं येत होतं तेवढंच. तिचा नवरा बांगड्या घेऊन बाजारोबाजार हिंडायचा, त्यामुळे दुपारचा वेळ तिचा होता. मशिदीजवळच्या ओट्यावर तिने मुलींना बसवलं, तर येणारे-जाणारे थांबून बघू लागले. तेव्हा शेजारच्या गोजरबाईने आपल्या पडवीतली म्हैस दोन हात पलीकडे बांधली होती.

"हितं बसव पोरी," म्हातारी म्हणाली होती. "माझ्या म्हशीला तेवढंच चार अक्षरं कानावर पडतील."

त्या पडवीत मुली अलिफ, बे गिरवायच्या. हात सरावल्यावर वाचायलाही लागल्या. जैबुन्निसाची लेक कौसर त्यांत सगळ्यांत पुढे होती. पण जैबुन्निसाजवळचं शिकवण्यासारखं होतं ते दिवाळीपर्यंत संपलं. हिशेबाच्या पुढच्या धड्यापाशी ती स्वतःच अडली. मुली तोंडाकडे बघत राहिल्या आणि तिने त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

गाडी आली तेव्हा मुली सतरंजीवर ओळीत बसल्या होत्या. हनीफचाचांनी त्यांच्याकडून दोन दिवस घोकून घेतलं होतं. 'मेरेकू' म्हणायचं नाही, 'मुझे' म्हणायचं. 'नक्को' म्हणायचं नाही. 'हौ' म्हणायचं नाही, 'जी हाँ' म्हणायचं. एवढं सगळं टाळायचं म्हटल्यावर मुली गप्पच झाल्या होत्या.

परदेशी बाईचं नाव इंग्रिड. उंच, उन्हाने लाल झालेली, साध्या सुती कपड्यांतली. ती आत येताना चपला काढून आली, हे दाराबाहेर उभ्या असलेल्या बायांनी लगेच टिपलं. तिच्यासोबतचे रिझवीसाहेब पन्नाशीचे, बारीक चणीचे आणि फार मृदू बोलणारे होते. दोन वर्षांपूर्वी ते पुण्याच्या एका कॉलेजात शिकवायला आले होते. बाईचं इंग्रजी ते उर्दूत सांगत होते आणि इकडचं उर्दू इंग्रजीत.

"दुनिया की तमाम कौमों ने मिलकर यह तस्लीम किया है," ते मुलींसमोर उभे राहून म्हणाले, "कि हर बच्चे को अपनी मादरी ज़बान सीखने का मौका मिलना चाहिए. मादरी ज़बान का हक़, बेटी, कोई किसी से छीन नहीं सकता."

इतकं गोड उर्दू वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. हनीफचाचांचे डोळे पाणावले. जैबुन्निसालाही ते ऐकत राहावंसं वाटलं. तिला सगळे शब्द कळले नाहीत, पण बोलणाऱ्याला आपल्या भाषेची माया आहे, एवढं कळलं.

मग इंग्रिडबाई खाली सतरंजीवर बसल्या. त्यांनी मुलींना काहीतरी विचारलं आणि रिझवींनी सांगितलं, "मॅडम पूछती हैं, आप लोगों की सबसे बड़ी ख़्वाहिश क्या है?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. हनीफचाचांनी घोकून घेतलेल्या उत्तरांत हे नव्हतं. पहिल्या रांगेतल्या कौसरने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा खुर्चीतल्या झीशानकडे पाहिलं आणि ती उठून उभी राहिली.

"हमकू मास्टर होना," ती म्हणाली.

विस्तार अधिकाऱ्यांच्या हातातला रुमाल थांबला. हनीफचाचांनी श्वास रोखला. पण रिझवींचा चेहरा फुलला. त्यांनी वळून बाईंना इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कौसरचा हात हातात घेऊन काही बोलल्या.

"मॅडम कहती हैं, ज़रूर बनोगी," रिझवी म्हणाले. "तुम बहुत अच्छी मास्टर बनोगी."

कौसर गोंधळली. "मैं नई बनती," ती म्हणाली. "हमकू मास्टर होना."

"हाँ हाँ, बेटी. इन्शाअल्लाह."

विस्तार अधिकाऱ्यांनी रुमालाने कपाळ टिपलं. हनीफचाचांनी सोडलेला श्वास जैबुन्निसाला दारापर्यंत ऐकू आला. सगळं पार पडलं होतं. मुलगी खरं बोलली होती आणि तरी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. इंग्रिडबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. काय लिहीत असतील ते जैबुन्निसाला न वाचताही कळत होतं. या शाळेतल्या मुलींना मोठेपणी शिक्षिका व्हायचं आहे. चांगली शाळा आहे.

कौसर अजून उभीच होती. आपण काय चुकीचं बोललो, ते विचारावं तशी ती आईकडे बघत होती.

जैबुन्निसाने हनीफचाचांकडे पाहिलं. त्यांनी ओठ न हलवता मान डावीकडून उजवीकडे हलवली. जूनमध्ये मास्तर. जबान दिलीया. तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि ती दारातून आत आली.

"साब," ती म्हणाली, "उने वैसा नई बोली."

रिझवींनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. "जी?"

"मास्टर बनना है, ऐसा नई बोली. हमारे पास मास्टर नई है, मास्टर होना, ऐसा बोली."

"अहो, बाई, कार्यक्रम चालू आहे," विस्तार अधिकारी पुढे आले. "मागे उभ्या राहा."

"जैबुन, बैठ जा," हनीफचाचा म्हणाले.

रिझवींनी दोघांनाही हाताने थांबवलं. ते तिला समजावून सांगू लागले. लहान मुलीला सांगावं तितक्याच मऊपणे. "देखिए, अगर उस्ताद की ज़रूरत है, तो कहेंगे, हमें उस्ताद चाहिए. 'होना' का मतलब यह नहीं होता. उर्दू में ऐसे नहीं कहते."

"हमारे में कहते."

"मगर वह उर्दू नहीं है."

इंग्रिडबाईंचं पेन वहीवर थांबलं होतं. जैबुन्निसा बोलली, तेव्हा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला.

"नई होएंगी. पन अब्बी तुम बोले ना, मादरी जबान? मादरी बोले तो माँ की ना?"

"जी. बेशक."

"इसकी माँ मैं हूँ," कौसरच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली. "इने क्या बोली, वो मेरेकू पूछो."

झीशान खुर्चीतून उठला होता. कुणी उठायला सांगितलं नव्हतं. तो नकाशाकडे तोंड करून उभा राहिला.

"साहेब, तसं काही नाही," विस्तार अधिकारी रिझवींना म्हणाले. "शाळा चालू आहे. शिक्षक तुमच्या समोर आहेत. या बाई जरा—"

"आवं, खोली तर आज उघडलीया," खिडकीतून आवाज आला. बाहेर बायांच्या घोळक्यात गोजरबाई गजांना धरून उभी होती. "चुना तरी वाळलाय का बगा. शाळा माझ्या पडवीत भरती. या की पावणं तकडं. च्या बी ठिवते."

"आजी, तुमचा इथे काय संबंध?"

"माझी पडवी हाय न्हवं!"

बाहेर कुणीतरी हसलं. आत मुलीही हसल्या आणि दोन दिवस घोकलेलं सगळं त्यांच्या तोंडातून पळून गेलं. हौ हौ, पडवी में, एकीने सांगितलं. भैंस के बाजू में, दुसरीने सांगितलं. जैबुनखाला सिखाते, तिसरीने सांगितलं.

इंग्रिडबाईंनी रिझवींच्या बाहीला स्पर्श केला. काय चाललंय, असं विचारलं असावं. रिझवींनी चष्मा काढून पुसला. ते सहज काहीतरी गुळगुळीत सांगून पुढे जाऊ शकले असते. बाईला काहीच कळलं नसतं आणि वाडीलाही नाही. ते इंग्रजीत बोलू लागले. सावकाश, बराच वेळ. जैबुन्निसाला त्यातला एक शब्दही समजत नव्हता. मग त्या सगळ्या परक्या आवाजांत एकदम तिचा एक शब्द आला. होना. तिने म्हटला होता तसाच, न दुरुस्त केलेला. इंग्रिडबाईंनीही तो पुन्हा म्हणून पाहिला. त्यांनी वहीतली ओळ खोडली.

पडवीत सगळे मावले नाहीत. म्हशीने परदेशी बाईचं दप्तर हुंगलं. भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर कालचा धडा तसाच होता. इंग्रिडबाई तिथे फार बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी रिझवींमार्फत जैबुन्निसाला एकच विचारलं, तुमच्या भाषेचं नाव काय लिहू?

जैबुन्निसाला हा प्रश्न कधी कुणी केला नव्हता.

"नाव मालूम नई," ती शेवटी म्हणाली. "घर में बोलते वो. लिखने कू उर्दू सीखते. नाव का झगडा नक्को. मास्टर का लिखो."

रिझवी गाडीत बसले आणि पुन्हा उतरून तिच्यापाशी आले. "मेरे दोनों बच्चे बहुत साफ़ उर्दू बोलते हैं," ते म्हणाले. "पढ़ एक हर्फ़ नहीं सकते." त्यांच्या मुलांना एक अक्षर वाचता येत नव्हतं; पडवीतल्या पोरींना येत होतं. त्यांनी हात कपाळाला लावून सलाम केला आणि गाडी फाट्याकडे गेली.

गाडीची धूळ बसल्यावर विस्तार अधिकाऱ्यांनी खोलीला पुन्हा कुलूप लावलं. "आता कसा मिळतो मास्तर, तेच बघतो," एवढंच ते म्हणाले. झीशान त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेला. हनीफचाचा जैबुन्निसाशी त्या दिवशी एक वाक्य बोलले.

"घालवलंस," ते म्हणाले. त्यानंतर ते तिच्या सलामाला उत्तर देईनासे झाले.

तिच्या नवऱ्यालाही लोकांनी बाजारात टोचलं. तो घरी येऊन चिडला, दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो बाहेरून खडूंचा डबा घेऊन आला आणि फडताळात ठेवून दिला. वर्ग चालू राहिला. हिशेबाचा अडलेला धडा जैबुन्निसाने मराठी शाळेत जाणाऱ्या एका मुलाकडून समजून घेतला आणि मुलींना जसा समजला तसा सांगितला. कांद्याच्या लागणीला गेलेल्या मुलींपैकी आणखी काही जणी येऊन बसू लागल्या. सतरंजी नव्हतीच. गोणपाट होतं, ते पुरेना.

शिमगा गेला, उन्हाळा गेला. परदेशी बाईच्या लिहिण्याचं पुढे काय झालं, ते वाडीला कधी कळलं नाही. कुणी म्हणालं, वरून खरमरीत विचारणा झाली. कुणी म्हणालं, तसल्या बायका नुसत्या हिंडतात. जून उजाडला आणि शाळा सुरू व्हायच्या दिवशी घोडेगावच्या एसटीतून पत्र्याची ट्रंक घेऊन झीशान उतरला.

कुलूप त्याने स्वतः उघडलं. वाडीतल्या पुरुषांनी त्याला गाठून विचारलं, तेव्हा त्याने आडपडदा ठेवला नाही. विस्तार अधिकाऱ्यांचा राग त्याच्यावर निघाला होता. पाहुण्यांपुढे खांबासारखा उभा राहिलास ना, मग आता तिथेच राहा, असं ते म्हणाले होते. या वाडीला यायला दुसरं कुणी तयारही नव्हतं. त्याचं लग्न ठरलं होतं, मुलगी जळगावची होती आणि आता तिच्या घरचे काय म्हणतील, याची त्याला काळजी होती.

पण मास्तर आला होता. जैबुन्निसाने सकाळीच मुलींना गोळा करून नेलं. हनीफचाचा शाळेच्या दारात आले आणि झीशानचं स्वागत करून गेले. जाताना ते जैबुन्निसाजवळ थांबले. "आया," ते म्हणाले. तिने सलाम केला, त्यांनी तो घेतला.

ती घरी गेली आणि दूध घालून चहा केला. कप बशीने झाकून ती शाळेकडे निघाली, तेव्हा आतून मास्तराचा आवाज येत होता. एका खऱ्या मास्तराचा, खणखणीत. तिला इतकं बरं वाटलं की दाराबाहेरच ती क्षणभर थांबली.

"क्या हुआ, बेटी? क्यों खड़ी हो?"

"खडू होना, सर," कौसर म्हणाली.

"होना नहीं. चाहिए. यह ग़लत ज़बान है, गँवारों की. सब बोलो, चाहिए."

"चाहिए," मुली म्हणाल्या.

"फिर से."

"चाहिए!"

कौसरचा आवाज त्यात नव्हता. आईला आपल्या मुलीचा आवाज शंभरांत कळतो, तसा नसलेलाही कळतो. जैबुन्निसा दारात आली. कौसर सतरंजीवर पहिल्या रांगेत उभी होती, ओठ मिटून.

झीशानने वळून पाहिलं. "आइए भाभी," तो जरा ओशाळून म्हणाला. "इनकी ज़बान बहुत बिगड़ी हुई है. सुधारनी पड़ेगी."

जैबुन्निसाने कप टेबलावर ठेवला. बशी काढून बाजूला ठेवली. चहाची वाफ दोघांच्या मधे वर चढू लागली.

"चाहिए सिकाव," ती म्हणाली. "परीक्षा में वोच लगेंगा. आगे कालेज में भी लगेंगा. सब सिकाव."

"जी, वही तो—"

"पन गँवार नक्को बोलो. सुधारने का है तो सुधारो. पयले सीको."

झीशानला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. "मैं सीखूँ?"

"हौ."

"किससे?"

तिने टेबलामागची खुर्ची पाठीला धरून उचलली आणि भिंतीपाशी नेऊन ठेवली. मग ती मुलींकडे वळली.

"कौसर, सरक जरा," ती म्हणाली. "सर कू जागा दे."

कौसर सरकली. तिच्या शेजारची सरकली, मग तिच्या पलीकडची. पहिल्या रांगेत एका माणसापुरती सतरंजी मोकळी झाली. सगळ्या मुली मान वर करून झीशानकडे बघत होत्या. कुणी हसत नव्हतं.

झीशानने हातातला खडू टेबलावर ठेवला. त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग तो वाकला आणि बुटाची नाडी सोडू लागला.